'निष्ठा' आणि 'विवेक' : १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि मराठी राजकीय परिभाषा

१. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गात राजकीय कादंबरी आणि राजकीय आत्मचरित्र हे वाङ्मयप्रकार शिकवताना एक अनुभव वारंवार येतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'निष्ठा' हा शब्द नेहमी गुणवाचक म्हणून येतो आणि 'तत्त्व' हा शब्दही गुणवाचक म्हणूनच येतो. परंतु ही दोन मूल्ये परस्परांसमोर उभी राहिली की विवेचन थांबते व निवाडा सुरू होतो. भीष्म चुकला किंवा भीष्म थोर होता, यशवंतराव चव्हाण धोरणी होते किंवा ते कुंपणावर बसले, अशा एका वाक्यात प्रश्न निकालात निघतो. या निवाड्यांमागे एक गृहीत असते. पक्षनिष्ठा ही बाहेरून लादलेली आणि तत्त्वनिष्ठा ही आतून उमललेली, म्हणून पहिली दुय्यम आणि दुसरी श्रेष्ठ, असे ते गृहीत आहे. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे.

त्यासाठी १९६९ सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक हा प्रसंग निवडला आहे. वरकरणी ही राष्ट्राच्या सर्वोच्च घटनात्मक पदाची निवडणूक होती. वस्तुतः ती काँग्रेस पक्षाचे नेतृत्व कोणाकडे असावे या प्रश्नावरची लढत होती. पक्षशिस्त आणि सदसद्विवेकबुद्धी हे दोन शब्द एकमेकांविरुद्ध शस्त्राप्रमाणे वापरले गेले, असे स्वतंत्र भारतातील हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण होय. या घटनेचा राजकीय इतिहास अनेकांनी लिहिला आहे. येथे दृष्टी भाषेच्या अभ्यासकाची आहे. या शब्दांना मराठीत कोणता पूर्वेतिहास होता आणि त्या इतिहासाच्या प्रकाशात १९६९ सालचा त्यांचा वापर कसा दिसतो, एवढाच प्रश्न आपल्यासमोर आहे.

२. घटनाक्रम

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. त्यांच्या जागी काँग्रेसचा उमेदवार कोण असावा हे ठरविण्यासाठी पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक जुलैमध्ये बंगलोर येथे झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. पक्षसंघटनेतील ज्येष्ठांना लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी हवे होते. मंडळाने बहुमताने रेड्डींची निवड केली. या बहुमतात मोरारजी देसाई, कामराज व स. का. पाटील यांच्याबरोबर गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांचेही मत होते.

यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. १६ जुलै रोजी मोरारजींकडील अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी स्वतंत्र उमेदवार म्हणून निवडणूक लढविली. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर स्वतः पंतप्रधानांची सही होती. तरीही रेड्डींना मत देण्याचा पक्षादेश काढण्यास त्यांनी नकार दिला आणि खासदार-आमदारांनी आपापल्या विवेकाला स्मरून मतदान करावे अशी भूमिका घेतली. दुसरीकडे काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली, ती त्यांच्या मतदारांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत म्हणून. या दोन पक्षांनी पुरस्कृत केलेले उमेदवार होते चिंतामणराव देशमुख.

१६ ऑगस्ट रोजी मतदान झाले, २० ऑगस्टला निकाल लागला. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ पडली. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यानंतर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ अशी अंतिम स्थिती झाली. १४,६५० मतमूल्यांच्या फरकाने गिरी विजयी झाले. १२ नोव्हेंबर रोजी इंदिरा गांधींची पक्षातून हकालपट्टी करण्यात आली आणि काँग्रेस दुभंगली. या फुटीत यशवंतराव इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले.

३. शब्दांचा पूर्वेतिहास

१९६९च्या वृत्तपत्रीय मराठीत 'अंतरात्म्याचा आवाज' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याच अर्थाने 'सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान' असेही म्हटले जाई. हे दोन प्रयोग आपण समानार्थी मानतो. परंतु त्यांची घडण एकमेकांपासून फार वेगळी आहे. पहिल्या प्रयोगात 'आवाज' आहे. आवाज ऐकायचा असतो, तपासायचा नसतो. दुसऱ्या प्रयोगात 'विवेक' आणि 'बुद्धी' आहेत. सत् काय व असत् काय हे निवडण्याची, वेगळे काढण्याची क्रिया तेथे अभिप्रेत आहे. संतवाङ्मयात, विशेषतः समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'त, विवेकाला जे स्थान आहे ते या निवडीच्या अर्थाने आहे. विवेक माणसाला आपोआप लाभत नाही. तो करावा लागतो.

या भेदाचे सर्वांत काटेकोर विवेचन मराठीत लोकमान्य टिळकांनी केले आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'आधिदैवतपक्ष व क्षेत्रक्षेत्रज्ञविचार' हे प्रकरण आहे. पाश्चात्त्य नीतिशास्त्रातील एक पक्ष असे मानतो की, चांगले-वाईट सांगणारी एक स्वतंत्र देवता मनुष्याच्या मनात वास करते आणि तिचा कौल अंतिम होय. टिळक या 'मनोदेवते'चा पक्ष प्रामाणिकपणे मांडतात आणि मग तो अमान्य करतात. अशी देवता खरोखरच स्वयंभू असती, तर सर्व माणसांत व सर्व समाजांत तिचा कौल एकच आला असता. प्रत्यक्षात तो तसा येत नाही. तेव्हा सदसद्विवेक ही निराळी शक्ती नव्हे. सारासार निर्णय करणारी जी एकच बुद्धी मनुष्याला आहे, तिचेच ते एक कार्य होय. आणि ती बुद्धी शुद्ध व सम असेल त्या प्रमाणातच तिचा निर्णय विश्वसनीय ठरतो. टिळकांच्या या भूमिकेचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. 'माझ्या अंतरात्म्याने सांगितले' एवढे म्हटल्याने कोणताही निर्णय नैतिक ठरत नाही. तो निर्णय देणारी बुद्धी कशी घडली, हा पुढचा प्रश्न उरतोच.

याच ग्रंथाच्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात टिळकांनी कर्तव्यांच्या संघर्षाची अनेक उदाहरणे घेतली असून शेक्सपिअरच्या हॅम्लेट व कोरिओलेनस या नायकांचाही तेथे उल्लेख येतो. कोरिओलेनसचा पेच तर राजकीय निष्ठेचाच आहे. 'गीतारहस्य' लिहिण्याच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९०७मध्ये, सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदाच्या प्रश्नावरूनच राष्ट्रसभा दुभंगली होती आणि त्या संघर्षात एका बाजूचे नेतृत्व टिळकांकडे होते, हे येथे ध्यानात ठेवावे. संघटना आणि तत्त्व यांतील ताण त्यांनी प्रत्यक्ष अनुभवलेला होता. तरीही त्यांनी तत्त्वाच्या बाजूने सोपा कौल देणारी 'मनोदेवता' स्वीकारली नाही.

'निष्ठा' हा शब्द तर याहून उद्बोधक आहे. 'नि' आणि 'स्था' यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ भाव दृढपणे उभे राहणे हा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानयोग व कर्मयोग अशा दोन निष्ठा सांगितल्या आहेत. म्हणजे निष्ठा ही व्यक्तीवरची भक्ती नसून जगण्याची एक स्थिर भूमिका आहे. आधुनिक मराठीत मात्र 'स्वामिनिष्ठा', 'पक्षनिष्ठा', 'निष्ठावंत कार्यकर्ता' अशा प्रयोगांतून तिला एका व्यक्तीचा वा संघटनेचा आधार लागू लागला. 'पक्षश्रेष्ठी' या शब्दाकडेही या निमित्ताने पाहावे. 'श्रेष्ठी' म्हणजे व्यापारी श्रेणीचा प्रमुख. 'शेट' हा शब्द त्यातूनच आला. आज तो शब्द वापरताना ही व्युत्पत्ती कोणाच्या मनात नसते, हे खरे. तथापि आदेश देणाऱ्या मंडळींसाठी मराठीने 'नेते' सोडून 'श्रेष्ठी' हा शब्द जवळ केला, ही बाब अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

४. दोन्ही पक्षांची विसंगती

या पार्श्वभूमीवर १९६९कडे पाहिल्यास प्रथम असे दिसते की, शिस्त एका बाजूला व विवेक दुसऱ्या बाजूला अशी वाटणी तेथे नव्हतीच. शिस्तीचा आग्रह धरणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांनी ज्यांच्याविरुद्ध पक्ष निवडणुका लढवीत आला त्यांच्याशीच मतांची बोलणी केली. विवेकाचा आग्रह धरणाऱ्या पंतप्रधानांनी ज्या उमेदवाराच्या अर्जावर सही केली, त्याच्यामागे पक्षाचे बळ उभे करण्याचे नाकारले. पहिल्या बाजूने पक्षाच्या नावाने पक्षाची सीमा ओलांडली. दुसरीने विवेकाच्या नावाने स्वतःच्या सहीचा अर्थ बदलला.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. विवेकाला स्मरून मत द्या, असे नेत्याने सांगितले की तो विवेक राहतो काय? आतला आवाज बाहेरून उच्चारला गेला की त्याचे स्वरूप आदेशाचे होते. बँक राष्ट्रीयीकरणानंतरच्या वातावरणात या आवाहनाचा रोख कोणत्या उमेदवाराकडे आहे, याविषयी कोणत्याही आमदाराला संदेह नव्हता. म्हणजे एक पक्षादेश नाकारून दुसरा, अलिखित पक्षादेश निघाला. निष्ठेचे केंद्र संघटनेकडून व्यक्तीकडे सरकले आणि त्या स्थलांतराला विवेकाचे नाव मिळाले.

तिसरी गोष्ट मतदानाच्या पद्धतीची. राष्ट्रपतिपदाचे मतदान गुप्त असते. गुप्त मतदानात विवेकानुसार मत देणाऱ्याला कोणतीही किंमत मोजावी लागत नाही आणि आपल्या निर्णयाचे कारणही द्यावे लागत नाही. गुप्ततेमुळे मतदाराचे संरक्षण होते, हे तिचे मोल मान्य करूनही असे म्हणावे लागते की, नैतिक साक्ष म्हणून अशा मताचे मूल्य मर्यादित राहते. गिरींना मिळालेल्या मतांपैकी किती विवेकाची, किती भीतीची व किती अपेक्षेची होती, हे कोणालाही कधीच सांगता येणार नाही.

५. दोन मराठी व्यक्तिरेखा

या निवडणुकीत दोन महाराष्ट्रीय नेते दोन वेगळ्या स्थानी उभे होते. त्यांचा पूर्वेतिहास एकत्र वाचला असता आपल्या प्रश्नाला निराळी खोली येते.

चिंतामणराव देशमुख हे १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबई शहर केंद्रशासित करण्याच्या धोरणाला व ते जाहीर करण्याच्या रीतीला त्यांनी आक्षेप घेतला. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी न झाल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. आणि जुलै १९५६मध्ये लोकसभेत निवेदन करून ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हा निर्णय उघड होता, त्याची कारणे नोंदलेली होती आणि त्याची किंमत ज्याची त्यानेच मोजली होती.

यशवंतराव चव्हाणांची वाट याच्या अगदी उलट होती. डिसेंबर १९५५मध्ये फलटण येथे त्यांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरूंचे नेतृत्व यांत निवड करावी लागली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, अशा आशयाची भूमिका जाहीर केली. त्याबद्दल महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. आचार्य अत्र्यांच्या लेखणीने तर त्यांना अनेक वर्षे सोडले नाही. १९५६च्या ऑक्टोबरमध्ये द्विभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदासाठी भाऊसाहेब हिरे यांच्याशी त्यांची लढत होऊन ते विजयी झाले आणि १ नोव्हेंबरला मुख्यमंत्री झाले. पुढे साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली ती त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात. पक्षात राहून पक्षाचे मत बदलविणे ही त्यांची रीत होती, असे त्यांचे समर्थक म्हणतात. आंदोलनाने व १०५ हुतात्म्यांच्या बलिदानाने जे घडविले त्याचे श्रेय त्यांना अनायासे मिळाले, असे विरोधक म्हणतात. या दोन्ही विधानांत सत्यांश आहे आणि एकाने दुसरे खोडले जात नाही.

देशमुख तत्त्वनिष्ठ व चव्हाण पक्षनिष्ठ, असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. देशमुख मूळचे सनदी अधिकारी. पक्षसंघटनेत त्यांची मुळे नव्हती. म्हणून राजीनामा देताना त्यांना पद सोडावे लागले, परंतु माणसे सोडावी लागली नाहीत. चव्हाणांचे सारे सार्वजनिक जीवन काँग्रेसमध्ये घडले होते. सविनय कायदेभंगातील तुरुंगवास, १९४२चे भूमिगत जीवन, साताऱ्याच्या गावोगावचे सहकारी या सर्वांची मिळून जी वीण तयार झाली तिलाच ते पक्ष म्हणत. त्यांच्या दृष्टीने पक्ष ही बाहेरची वस्तू नव्हती. 'कृष्णाकाठ' या त्यांच्या आत्मचरित्रात (१९८४) तारुण्यात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे त्यांना वाटलेले आकर्षण आणि महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून झालेली फारकत यांचे कथन आले आहे. बुद्धीला पटणारा विचारप्रवाह आणि ज्यांच्यासोबत चालायचे तो जनसमूह यांत त्यांनी दुसऱ्याची निवड केली. पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांचा साचा या प्रसंगात दिसतो.

तथापि १९६९मध्ये हा साचाच अपुरा पडला. बंगलोरला त्यांनी संघटनेच्या बाजूने मत दिले. नोव्हेंबरमध्ये ते पंतप्रधानांच्या बाजूला राहिले. पक्षनिष्ठेचा अर्थ पक्षाबरोबर राहणे असा असेल, तर पक्षच दोन झाल्यावर कोणाबरोबर राहायचे? 'निष्ठा' या शब्दाला टेकण्यासाठी जी संघटना लागते तीच दुभंगली, की तो शब्द उत्तर देईनासा होतो. चव्हाणांनी बहुसंख्य कार्यकर्ते व जनमत जिकडे गेले ती दिशा धरली. हा संधिसाधूपणा की 'कृष्णाकाठा'वरची जुनीच निवड, याचे उत्तर त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळाले असते तर मराठी आत्मचरित्राला मोठा लाभ झाला असता. परंतु 'कृष्णाकाठ' १९४६पाशी थांबते आणि त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, लेखकाचे निधन झाले. फलटण, हिरे यांच्याशी झालेली लढत आणि बंगलोर या तिन्ही प्रसंगांचे त्यांचे सलग आत्मकथन उपलब्ध नाही. ज्या पेचांमुळे हे आत्मचरित्र अनन्यसाधारण ठरले असते, नेमके तेच पेच त्यात आलेले नाहीत. किमतीच्या दृष्टीने पाहता एवढे सांगता येते की, जून १९७०मध्ये गृहखाते त्यांच्याकडून गेले व अर्थखाते आले. आणि १९५५पासून चिकटलेली संशयाची छाया शेवटपर्यंत पुसली गेली नाही. देशमुखांनी आपली किंमत एका दिवसात दिली. चव्हाणांनी ती आयुष्यभर हप्त्याहप्त्याने दिली.

६. वाङ्मयीन पडसाद

१९६९च्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले होते. त्यात भीष्माच्या प्रतिज्ञेकडे आदराने नव्हे तर चिकित्सेने पाहिले आहे. दिलेल्या शब्दाला चिकटून राहणे हा गुण कोणत्या टप्प्यावर आत्मप्रौढीत बदलतो, हा प्रश्न त्या लेखनाने मराठी वाचकापुढे ठेवला. निष्ठेच्या विषयवस्तूबरोबर निष्ठा धारण करणाऱ्याचे मनही तपासावे लागते, ही टिळकांची दिशा येथे वेगळ्या मार्गाने पुढे जाते.

अरुण साधू यांची 'सिंहासन' (१९७७) ही कादंबरी या प्रश्नाचे दुसरे टोक दाखविते. मुख्यमंत्री जीवाजीराव शिंदे यांना पदच्युत करण्यासाठी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांनी चालविलेली खटपट हा तिचा एक मुख्य धागा आहे. या नेतृत्वसंघर्षात 'निष्ठा' हा शब्द गणिताचा शब्द झाला आहे : कोणाकडे किती आमदार, एवढाच त्याचा अर्थ. हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस याच्याजवळ अस्वस्थ होणारे मन आहे; पण ज्याच्याजवळ असे मन आहे त्याला मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना अस्वस्थता नाही. विवेक आणि अधिकार यांची ही फारकत म्हणजे १९६९नंतरच्या राजकीय अनुभवाचे वाङ्मयीन रूप होय, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

पुढे १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला कायद्याचा प्रतिबंध आला. पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकेल, असे ठरले. एका परीने निष्ठेचे कायद्यात रूपांतर झाले. परंतु शब्दांवरचे भांडण त्यामुळे मिटले नाही. जून २०२२मध्ये शिवसेना दुभंगली तेव्हा एका बाजूने पक्षप्रमुखांवरील निष्ठेची भाषा केली, दुसरीने संस्थापकांच्या विचारांवरील निष्ठेची. एकाने ज्याला 'गद्दारी' म्हटले त्यालाच दुसऱ्याने 'उठाव' म्हटले. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. त्रेपन्न वर्षांनंतरही दोन्ही बाजूंना 'निष्ठा' हाच शब्द हवा होता, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पक्षनिष्ठा विरुद्ध तत्त्वनिष्ठा हे द्वंद्व ज्या स्वरूपात मांडले जाते त्या स्वरूपात ते टिकत नाही. नेतृत्वाच्या लढतीत प्रत्येक बाजूजवळ दोन्ही शब्द तयार असतात. म्हणून अभ्यासकाने कोणता शब्द उच्चारला गेला याच्या पलीकडे जाऊन तीन प्रश्न विचारावे लागतात. ही निष्ठा कशावर आहे : व्यक्तीवर, संघटनेवर की कारणे देता येतील अशा भूमिकेवर? ती कोणासमोर प्रकट झाली : उघड सभेत की गुप्त मतपेटीत? आणि तिची किंमत कोणी दिली : बोलणाऱ्याने की इतरांनी?

या तीन प्रश्नांना लावून पाहिले असता देशमुखांचा १९५६चा राजीनामा आणि चव्हाणांचे १९५५चे फलटणचे भाषण परस्परविरोधी असूनही एका कसोटीला सारखेच उतरतात. दोघांनीही आपले म्हणणे उघडपणे मांडले आणि त्याचे परिणाम स्वतः सोसले. १९६९चा 'अंतरात्म्याचा आवाज' मात्र या कसोटीला उतरत नाही. आणि त्याला विरोध करणारी शिस्तही उतरत नाही. म्हणजे खरी सीमारेषा पक्ष आणि तत्त्व यांच्यामध्ये नसून उत्तरदायी निष्ठा आणि अनुत्तरदायी निष्ठा यांच्यामध्ये आहे.

राजकीय आत्मचरित्रे व कादंबऱ्या अध्यापनासाठी घेताना या भेदाचा उपयोग होऊ शकेल. 'तो निष्ठावंत होता' हे उत्तरपत्रिकेतील वाक्य लाल शाईने खोडण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे समासात 'कशावर? कोणासमोर? किती किमतीला?' एवढे तीन प्रश्न लिहावेत. विद्यार्थ्याला त्यांची उत्तरे शोधण्यासाठी ग्रंथाकडे परतावे लागेल, आणि निवाड्याच्या जागी वाचन सुरू होईल.